ड्रमवरची काळी पट्टी

रविवारी सकाळी नऊ वाजता एका कॉलेजच्या सभागृहात आम्ही दोन-अडीचशे नर्सेस बसलो होतो. दारात रजिस्टर, सही, फोल्डर आणि पेन. आत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं मनोगत, आणि मग ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या विषयावर स्लाइड्स. माझ्या शेजारची मुलगी नाईट करून थेट तिथं आली होती. दुसऱ्या स्लाइडलाच तिचा डोळा लागला. चार वाजता तिला आणि मला सारख्याच तासांचं प्रमाणपत्र मिळालं. मी तिला उठवलं नाही. ताणाचं व्यवस्थापन त्या सभागृहात एकटी तीच करत होती.

या प्रमाणपत्रांवरून सध्या जो वाद चालतो, तो ऐकून कंटाळा येतो. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे १५० तास दाखवायचे, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक. २०२३ मध्ये संसदेनं १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आणला, तेव्हापासून ‘आता नियम आणखी कडक होणार’ अशी कुजबुज आहे. एक बाजू म्हणते, तास वाढवा, हजेरी बायोमेट्रिक करा, ऑनलाइन परीक्षा घ्या. दुसरी म्हणते, हा सगळा पैसे उकळण्याचा धंदा आहे, वीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या बाईला तुम्ही काय शिकवणार? भांडण तासांचं आहे. शिकणं नक्की कुठं घडतं, हे दोघंही विचारत नाहीत.

सत्तावीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढल्यावर माझं मत असं झालं आहे की, तिथल्या नर्सचं खरं शिक्षण तिच्याच केसकडे मागे वळून पाहण्यात आहे. ते ड्युटीच्या वेळात, ओटीतच, लिहून झालं पाहिजे, आणि त्या लिहिण्याला शिक्षेपासून संरक्षण पाहिजे. १५० पैकी निम्मे तास अशा कामाचे धरा. उरलेले खुशाल सभागृहात घालवा.

ओटीत काम केलेल्यांना एक गोष्ट सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र. त्यात कपडे आणि सामान भरून जाणाऱ्या डब्यावर, ड्रमवर, एक चिकटपट्टी लावतात. उष्णता लागली की तिच्यावरच्या तिरक्या रेघा काळ्या होतात. नवीन मुलीला वाटतं, रेघा काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक झालं. तसं नसतं. पट्टी एवढंच सांगते की हा ड्रम गरम झाला होता. ड्रम गच्च भरला असेल, झडप उघडायची राहिली असेल, वाफ मधल्या गाऊनपर्यंत पोचलीच नसेल, तर त्याची पट्टीला खबर नसते. आतलं कळायला जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी सामानाच्या मध्यभागी ठेवावी लागते आणि नंतर ती उबवून बघावी लागते. आमची प्रमाणपत्रं ही ड्रमवरची पट्टी आहे. बाई सभागृहात होती, हे ती सांगतात.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. तास मोजणारे म्हणतात, मोजता येईल तेवढंच सक्तीचं करता येतं. सक्ती नसेल तर कोणी काही वाचत नाही. यात तथ्य आहे. पदविका मिळाल्यापासून निवृत्तीपर्यंत एकही पान न उलटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि काही वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. शिवाय तंत्र बदलतं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशात पहिल्यांदा. त्याआधीची सगळी ओटी मोठ्या चिऱ्याची होती, चिरा उघडा ठेवायला डीव्हर रिट्रॅक्टर धरून हात भरून येण्याची. त्यानंतर आमच्या ट्रॉलीवर पोटात दुर्बीण घालायचे ट्रोकार आले, पोट फुगवायचं गॅसचं मशीन आलं, दुर्बिणीला प्रकाश पुरवणारी लाइट कॉर्ड आली. हे काही ध्यानाला बसून कळत नाही, कोणीतरी शिकवावंच लागतं. आज स्टेपलर आणि रोबोट आलेत, तिथंही तेच. नवीन यंत्राचं प्रशिक्षण हवं, तासावारी हवं, यावर माझं भांडण नाही.

पण सक्तीनं काय हाती लागतं, याचा एक मोठा धडा आपल्याच क्षेत्रात आहे. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी काढली. एकोणीस मुद्दे, तीन थांबे: भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी, पेशंट बाहेर काढण्यापूर्वी. त्या कामाचं नेतृत्व अतुल गवांदे यांच्याकडे होतं. ते अमेरिकेतले सर्जन, वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. जग हरखलं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं ती सगळीकडे लागू केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. यादी पाळतो असं जवळपास सगळ्यांनी कळवलं होतं, आणि मृत्यूंत नजरेत भरावा असा फरक नव्हता. कागद तोच होता, मुद्दे तेच. मग बिघडलं कुठं? यावर तिकडे पुष्कळ चर्चा झाली. मला तरी उत्तर ओळखीचं वाटतं, कारण आपल्याकडे मी ते रोज पाहिलं आहे: दिवसभराच्या ऑपरेशनांची लिस्ट संपल्यावर संध्याकाळी पाचला एकाच पेनानं सकाळपासूनच्या सात केसेसच्या चौकटींत बरोबरच्या खुणा. त्यातल्या काही खुणा माझ्याही हातच्या आहेत.

दुसरी बाजू अनुभववाल्यांची. मी मनानं यांच्या जवळची, म्हणून यांच्याशी जास्त भांडते. त्यांचं म्हणणं, ओटी हातानं शिकायची असते. सर्जननं तळवा पुढे केला की न मागता आर्टरी (रक्तवाहिनी दाबायचा चिमटा) पडली पाहिजे, हे कोणत्या व्याख्यानात शिकवतात? खरं आहे. चांगली स्क्रब नर्स, म्हणजे टेबलाशी हत्यारं देणारी, सर्जनच्या खांद्याच्या हालचालीवरून पुढचं ओळखते. पण अनुभव आपोआप शहाणपण देतो का? माझ्या समोर घडलेलं सांगते.

रात्री अडीचची सिझर. बाळ व्यवस्थित, पण बाईला रक्तस्राव थांबेना. मॉपवर मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) लागत होते, मी फ्लोअरला, म्हणजे टेबलाबाहेरून सामान देणारी. पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी दिले, फळ्यावर लिहीत गेले. पोट बंद करायच्या आधी मोजले तर एक कमी. सर म्हणाले, “सिस्टर, नीट मोजा.” पुन्हा मोजले, एक कमीच. आमचे मॉप ओटीतच शिवलेले असायचे, एक्स-रेत दिसणारा धागा त्यात कुठला असणार? भूलतज्ज्ञ मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी मी बादली फरशीवर उपडी केली आणि एकेक मॉप उलगडला. रक्ताच्या गाठीनं दोन मॉप एकमेकांना चिकटून एक झाले होते. सगळे हसलो. सरांनी चहा मागवला. त्या रात्रीची नोंद म्हणजे केसपेपरवरचे दोन शब्द: काउंट बरोबर.

तीन-चार महिन्यांनी शेजारच्या ओटीत एक नवीन मुलगी फ्लोअरला होती. एक मॉप कमी. ओरडा पडला. तिनं दुसऱ्यांदा मोजलं, कमी. तिसऱ्यांदा मोजलं आणि आकडा जमला, कारण घाबरलेल्या माणसाला हवा तो आकडा सापडतो. नशीब की इनचार्ज सिस्टर त्या वेळी आत आल्या आणि म्हणाल्या, “एकेक वेगळा टांगून मोजा.” एक मॉप पोटातच होता. टाके घालायचे बाकी होते म्हणून निभावलं.

माझ्याकडे त्या मुलीला देण्यासारखं काहीतरी होतं: चिकटलेले मॉप उलगडल्याशिवाय मोजायचे नाहीत, आणि ओरडा पडल्यावर केलेली मोजणी धरायची नाही. पण ते माझ्या डोक्यात होतं, तेही धूसर. मी ते कधी शब्दांत मांडलंच नव्हतं, मग तिला देणार काय? शब्दांत न उतरलेला अनुभव बाईबरोबर निवृत्त होतो. कधी कधी तर तिच्याही कामाला येत नाही, कारण तिनंसुद्धा तो नुसता भोगलेला असतो.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शरीरात वस्तू राहिल्याच्या ५४ पेशंटचे कागद तपासले. मोजणी झाली होती अशा केसेसपैकी ८८ टक्क्यांत शेवटचा काउंट ‘बरोबर’ नोंदवलेला होता. म्हणजे बहुतेक ठिकाणी मोजायचं राहिलं नव्हतं. मोजायचं असतं हे त्या नर्सेसना माहीत होतं, आणि त्यांनी मोजलंही होतं. धोका सर्वांत जास्त होता तो तातडीच्या शस्त्रक्रियांत आणि मध्येच ऑपरेशनचा बेत बदलला तिथं. ‘स्पंज काउंटचे महत्त्व’ या विषयावर दहा व्याख्यानं ऐकून यातलं काय सुधारेल? इथं माहिती कमी पडलेली नाही. घाईत, ओरड्यात, रात्री अडीचला आपलं डोकं कसं चालतं, हे स्वतःच्या केसमध्ये पकडावं लागतं.

मागे वळून न पाहिल्यानं डोळ्यासमोरची गोष्टही कशी दिसत नाही, याची ओटीतली सर्वांत जुनी कहाणी रबरी हातमोज्यांची आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमाराला कॅरोलाइन हॅम्प्टन ही ऑपरेशन रूमची मुख्य नर्स होती. पाऱ्याच्या जंतुनाशकात हात बुडवून बुडवून तिची त्वचा सोलवटली. सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले (पुढे दोघांचं लग्न झालं, पण ते असो). मोजे आले ते नर्सच्या हातांसाठी. मग मदतनीस घालू लागले, मग सोयीचे वाटतात म्हणून आणखी काही जण. पेशंटला जंतुसंसर्ग कमी होतोय, हे लक्षात यायला काही वर्षं गेली. जोसेफ ब्लडगुड या त्यांच्याच सहकाऱ्यानं हर्नियाच्या केसेस मागे जाऊन तपासल्या, तेव्हा कुठं ते आकड्यांत दिसलं. इतकी वर्षं आपण असे आंधळे कसे राहिलो, असं पुढे हॅल्स्टेडनीच लिहून ठेवलं आहे. मोजे टेबलावर होते, हातात होते, अनुभव रोजचा होता. कमी होतं ते कोणीतरी बसून मागची पानं उलटणं.

तिसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा, आणि तो मी जरासुद्धा हलका करणार नाही. एका टेबलाला एक स्क्रब, एक फ्लोअर हे कागदावर. प्रत्यक्षात एक फ्लोअर नर्स दोन ओटींत पळते. कंत्राटी मुली वर्षा-दोन वर्षांत जातात. वर्षभराची ऑपरेशन रूम नर्सिंगची पदविका करून आलेल्या बाईची बदली डोळ्यांच्या वॉर्डात होते, आणि वॉर्डातली कोणी ट्रॉली लावायला येते. अशा वेळी ‘चिंतन करा’ म्हणणाऱ्याला फडक्यानं मारावंसं वाटतं. चिंतन हा शब्दच मुळात प्रवचनातला. म्हणून मी फक्त दहा मिनिटं म्हणते. आठवड्यातून दोनदा, शेवटची केस बाहेर गेल्यावर, त्या टेबलाच्या सगळ्यांनी उभ्याउभ्या बोलायचं आणि एकीनं लिहायचं. ही वीस मिनिटं आकाशातून पडणार नाहीत, लिस्टमधूनच काढावी लागतील. आठवड्याला एक हायड्रोसीलसारखं छोटं ऑपरेशन पुढच्या लिस्टवर ढकला. सर्जन कुरकुरतील. पण मॉप शोधताना उघड्या पोटाशी उभं राहण्यात त्यांची जी मिनिटं जातात, ती कोणत्या हिशेबात धरली आहेत?

चौथा आक्षेप मात्र खरा अवघड आहे. लिहिलेलं कोर्टात जाईल. आपल्याकडच्या नर्सला स्वतःच्या चुकीबद्दल लिहिण्याचा एकच प्रकार माहीत आहे, तो म्हणजे खुलासा. मेमो येतो, ‘आपला लेखी खुलासा २४ तासांत सादर करावा’, आणि मग आम्ही चार जणी मिळून असा मजकूर तयार करतो की त्यात कोणाचंच काही घडलेलं नसतं. वाक्यातला कर्ता लपवण्याचा इतका सराव व्याकरणाच्या मास्तरांनाही नसेल: ‘सदर उपकरण आढळून आले नाही.’ अशा बाईच्या हातात वही देऊन ‘मनमोकळं लिहा’ म्हटलं तर ती काय लिहील? खुलासाच लिहील.

भीती खोटीही नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जुलै १९६३ मध्ये एका बाईची प्रसूतीनंतर नसबंदी झाली. मॉप पोटात राहिला. दुसरं ऑपरेशन करून तो काढला, पण बाई त्याच महिन्यात गेली. खालच्या कोर्टात घरच्यांच्या बाजूनं लागलेला निकाल उच्च न्यायालयात उलटला, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये पुन्हा त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरपाई ३६ हजार रुपये. तेहतीस वर्षं. त्याच सुमाराला, १९९५ मध्ये, वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हेही सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. या दोन्ही निकालांबद्दल मला तक्रार नाही, ते व्हायलाच हवे होते. पण दोष कोणाचा हे ठरवणं कोर्टाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर मॉप कसे मोजायचे, हा कोर्टाचा विषय नाही. तो ठरवायला वेगळी जागा लागते, आणि ती जागा आपल्याकडे कोणी बांधलेलीच नाही.

ब्रिटननं अर्धी बांधली. तिथं २०१६ पासून नर्सला दर तीन वर्षांनी ३५ तासांचं शिक्षण तर दाखवावं लागतंच, शिवाय स्वतःच्या कामावर पाच लेखी टिपणं लिहून ती दुसऱ्या नर्सशी बोलावी लागतात. कल्पना माझ्या मनातलीच. पण २०१८ मध्ये एका लहान मुलाच्या मृत्यूच्या प्रकरणात तरुण डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं गेलं, आणि तिच्या टिपणांचा वापर तिच्याविरुद्ध झाला अशी हवा पसरली. टिपणं खटल्यात पुरावा म्हणून आली नव्हती, हे पुढे स्पष्ट झालं. अपिलात तिची नोंदणी परतही मिळाली. पण तोवर तिकडचे डॉक्टर हात आखडून लिहू लागले होते. टिपणं लिहून घेण्याची पद्धत नुसत्या अफवेनंही आतून पोकळ होते, एवढी ती नाजूक असते.

मग हा प्रश्न सुटलाच नाही का कुठं? विमानवाल्यांनी बऱ्यापैकी सोडवला. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक स्वतःच्या चुका लिहून कळवतात. त्या स्वीकारते नासा. परवाना काढून घेणाऱ्या विमान वाहतूक खात्याकडे ती जबाबदारी मुद्दाम ठेवलेली नाही. नाव काढून टाकलं जातं. अपघात आणि गुन्हा सोडून, आणि ठरल्या दिवसांत कळवलं असेल तर, शिक्षेत सवलत मिळते. शिक्षा करणारा हात आणि शिकवणारा हात वेगळा ठेवला, एवढंच. आपल्याकडे मेट्रन मॅडमच मेमो काढतात आणि त्याच प्रशिक्षणाचं वेळापत्रक लावतात. नवा आयोग कायद्यानं उभा राहतोच आहे, तर त्याच्या नियमांत चार ओळी घालायला काय हरकत आहे? ओटीतल्या शिकण्याच्या वहीत नाव नसेल, पेशंटचा नंबर नसेल, ती खातेनिहाय चौकशीत मागवता येणार नाही, आणि केसपेपरवरची नोंद मात्र पूर्वीसारखीच खरी आणि पूर्ण ठेवावी लागेल. पेशंटपासून काही लपवायची ही पळवाट नव्हे. पेशंटला सांगायचं ते सांगायचंच. वही आपसांतल्यांसाठी.

हे करून पाहिलं आहे म्हणून बोलते. शेवटची सहा वर्षं मी इनचार्ज होते, तेव्हा टाक्यांच्या धाग्यांच्या कपाटात एक निळी वही ठेवली होती. नियम एकच: सही नाही, फक्त तारीख. पहिले दोन महिने कोणी काही लिहिलं नाही. मग मीच माझी एक चूक लिहिली. स्पिरिट वाळायच्या आत ड्रेप (पेशंटवर घालायची निर्जंतुक चादर) टाकला होता, सरांनी कॉटरी (विजेनं जाळून रक्त थांबवायचं हत्यार) हातात घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यानंतर इतर अक्षरं दिसू लागली. तीन-चार ओळी असायच्या: काय झालं, मला काय वाटलं होतं, उद्या काय वेगळं करीन. एका ब्रदरनं (अक्षरावरून ओळखलं, बोलले नाही) लिहिलं होतं की सरांच्या रागाच्या भीतीनं त्यानं सुई मोडल्याचं दोन मिनिटं उशिरा सांगितलं. त्यावर कोणीतरी खाली लिहिलं, मी पण. ते वाचून आम्ही सरांशी बोललो, आणि ‘थांबा’ हा एकच शब्द ठरवला. तो कोणीही उच्चारला की हात थांबायचे. हे मला कोणत्याही सभागृहात कोणी शिकवलं नव्हतं. त्या सहा वर्षांत मी नूतनीकरणासाठी जे तास भरले, त्यात या वहीचा एक मिनिटही धरला गेला नाही.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज दिला. डेडस्टॉक रजिस्टर, लिनन, औषधं, इन्स्ट्रुमेंटचे सेट, एकेक आर्टरी मोजून सह्या झाल्या. निळी वही कुठल्याच यादीत नव्हती. नव्या इनचार्ज म्हणाल्या, “ही कशाची? डेडस्टॉकला नाही तर मी सही कशी करू?” त्यांचं चूक नव्हतं. मी ती पिशवीत टाकून घरी आणली. शेवटची नोंद माझ्या अक्षरातली नाही: “लाइट कॉर्ड चालू ठेवून ड्रेपवर टेकवली. ड्रेपला रुपयाएवढं भोक. खाली कातडी ठीक. कोणी पाहिलं नाही म्हणून लिहिते.”